भाषणाची भीती स्पर्धेने जात नाही

१ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती एकाच दिवशी येते. शाळाशाळांतून भाषणे होतात, त्यातली काही मोबाइलवर चित्रित होऊन घरोघर पोहोचतात आणि मग दरवर्षीचा वाद पेटतो. 'आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रमैत्रिणींनो, मी जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती' अशी सुरुवात, आईने लिहून दिलेला मजकूर, हातवाऱ्यांसकट केलेले पाठांतर. हे पाहून एक पक्ष म्हणतो, ही पोपटपंची बंद करा, मुलांचा छळ थांबवा. दुसरा पक्ष म्हणतो, याच स्पर्धांनी महाराष्ट्राला वक्ते दिले, त्या बंद केल्या तर पुढची पिढी मुकी निघेल. आठवडाभर दोन्हीकडून बाण सुटतात आणि १५ ऑगस्टला तेच भाषण पुतळा बदलून पुन्हा होते.

वाद चुकीच्या जागी अडकला आहे. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न बोलता मान्य केली आहे: चार लोकांसमोर बोलायला शिकण्याची जागा म्हणजे शाळा, वय दहा ते वीस आणि रीत म्हणजे स्पर्धा. खरी बोलायची वेळ येते ती नंतर. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशोबावर शंका विचारायची असते, ग्रामसभेत घरकुलाच्या यादीवर हरकत घ्यायची असते, पतसंस्थेत, पालकसभेत, कामगारांच्या बैठकीत, नोकरीच्या मुलाखतीत बोलायचे असते. तिथे माणूस गप्प बसतो तो मुद्दा नसतो म्हणून नव्हे. सभा संपल्यावर चहाच्या टपरीवर तोच मुद्दा तो खणखणीत मांडतो. माझे म्हणणे असे की ही भीती स्पर्धेने जात नाही, दोन दिवसांच्या कार्यशाळेने जात नाही आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या महागड्या वर्गानेही जात नाही. ती आटोक्यात येते दर आठवड्याला त्याच पंधरा-वीस माणसांसमोर, घड्याळ लावून बोलल्याने आणि बोलून झाल्यावर कामाचा अभिप्राय ऐकल्याने. असे सराव मंडळ पायी जाता येईल इतक्या अंतरावर असणे ही वाचनालयाइतकीच सार्वजनिक गरज आहे.

स्पर्धेबद्दल इतके ठामपणे बोलायला आधार आहे. १९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसाला प्रयोगशाळेत हमखास मानसिक ताण कसा द्यायचा याची एक पद्धत बसवली. ती आज जगभर वापरतात. माणसाला तयारीला थोडा वेळ द्यायचा, मग परीक्षकांसमोर उभे करून पाच मिनिटे बोलायला लावायचे. समोर कॅमेरा आणि मायक्रोफोन. परीक्षकांनी चेहरा कोरा ठेवायचा, मान डोलवायची नाही, हसायचे नाही. त्यानंतर पाच मिनिटे तोंडी वजाबाकी. एवढ्याने नाडीचे ठोके वाढतात आणि लाळेतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, चढते. या वर्णनातली वजाबाकी वगळली तर काय उरते? आपली आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धाच. ताण निर्माण करण्यासाठी शास्त्रज्ञांनी जे खास रचले, ते आपण आत्मविश्वास वाढवण्याचे साधन म्हणून मुलांना देत आलो आहोत. त्याच गटातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये ही परीक्षा त्याच माणसांना लागोपाठ पाच दिवस दिली. बहुतेकांचे शरीर दुसऱ्या दिवसापासून निवळू लागले. काहींचे मात्र शेवटपर्यंत निवळले नाही. पहिल्या निष्कर्षातून सरावाची बाजू उभी राहते. दुसऱ्याकडे पुढे यावे लागेल.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडलेला एक नियम इथे लागू पडतो. पाहणारे लोक समोर असले की माणसाची जी प्रतिक्रिया सर्वांत मुरलेली असते ती अधिक जोराने बाहेर येते. जे अंगवळणी पडले आहे ते गर्दीसमोर अधिक चांगले होते. जे कच्चे आहे ते अधिक बिघडते. आधीच बोलणारा मुलगा स्पर्धेत फुलतो आणि न बोलणारा आणखी मिटतो, त्याचे कारण हेच. म्हणजे मोठा श्रोतृवर्ग हा सरावानंतरचा टप्पा आहे, आपण मात्र तोच आधी ठेवतो.

स्पर्धांच्या बाजूने जे सांगितले जाते त्यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. महाविद्यालयीन स्पर्धांच्या फिरत्या करंडकांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांना एसटीने दूरची शहरे दाखवली, वाचायला लावले, एकमेकांना भेटवले. त्यातून निघालेली माणसे विधानसभेत गेली, संपादक झाली, उत्तम शिक्षक झाली. पण हा दाखला देताना आपण फक्त जिंकलेल्यांची मोजदाद करतो. चाळीस स्पर्धक, प्रत्येकी सात मिनिटे असे धरले तर २८० मिनिटे होतात, म्हणजे पावणेपाच तासांच्या आसपास. त्यात एकाला बोलायला सात मिनिटे मिळतात आणि उरलेला वेळ तो आपल्या क्रमांकाची धास्ती घेऊन बसून राहतो. शेवटी तिघांना पारितोषिक, दोघांना उत्तेजनार्थ. पस्तीस जणांना काय कळते? आपला क्रमांक आला नाही, एवढेच. कुठे गाडी घसरली, आवाज कोणत्या वाक्याला बसला, कोणता मुद्दा ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही, हे सांगायला परीक्षकांना वेळ नसतो. तोवर जेवणाची वेळ झालेली असते आणि पाहुण्यांचे मनोगत बाकी असते. निवड करण्याचे यंत्र म्हणून स्पर्धा ठीक आहे. शिकवणे तिच्या रचनेतच बसत नाही.

आपल्याकडे याआधी काय होते? न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही चालते, आणि ती चालवणाऱ्या संस्थेचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे. उत्तेजन वक्तृत्वाला द्यायचे होते, हे नावातच लिहिलेले आहे. पण गावोगाव जे पसरले ते व्याख्यानमालेचे रूप: एक वक्ता, काहीशे श्रोते, शेवटी आभार. महाराष्ट्राने ऐकण्याची संस्कृती फार मेहनतीने उभी केली आणि तिचा अभिमान रास्त आहे. पण दीडशे वर्षे उत्तम ऐकूनही आपल्या सभांतून तेच चार जण का बोलतात? कारण ऐकून बोलता येत नाही. बोलण्याच्या पायऱ्या चढवणारी व्यवस्था आपल्याकडे एकाच ठिकाणी टिकली, ती वारकरी परंपरेत. तिथे नवखा मुलगा कीर्तनकार म्हणून उभा राहत नाही. आधी तो कीर्तनकाराच्या मागे टाळ धरून उभा राहतो. लोक समोर असतात, पण त्यांच्या नजरा त्याच्यावर नसतात. मग तो ध्रुपद उचलतो, चाल धरतो, हरिपाठ सांगतो, पुढे बसून प्रवचन करतो आणि सर्वांत शेवटी फडात पुढे येतो. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती याच क्रमाला शिस्त लावणारी. सभेची भीती थोडी थोडी, मोजून अंगावर घ्यायची ही पद्धत मानसोपचारातही मान्य आहे. आपण ती देवळाबाहेर आणलीच नाही.

अमेरिकेत राल्फ स्मेडली या वायएमसीएच्या, म्हणजे तरुणांसाठी चालणाऱ्या ख्रिस्ती संस्थेच्या, कार्यकर्त्याने हीच पद्धत वेगळ्या वाटेने शोधली. संस्थेत येणाऱ्या तरुणांना सभा चालवता येत नाही, समितीत चार वाक्ये बोलता येत नाहीत, हे त्याला दिसत होते. २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे, वायएमसीएच्या तळघरात त्याच्या मंडळाची बैठक झाली. तेच पुढे जगभर पसरलेले टोस्टमास्टर्स. त्याची कल्पना अशी होती की शिक्षक नको. सदस्यांनीच आळीपाळीने बोलायचे, वेळ मोजायची, एकमेकांना अभिप्राय द्यायचा आणि सभा चालवायची. त्या मंडळांनी स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७३ मध्ये, म्हणजे तिथेही सर्व काही आदर्श नव्हते. आज मुंबई-पुण्यात अशी बरीच मंडळे आहेत, पण बहुतेक इंग्रजीत चालतात, अनेक कंपन्यांच्या आवारात भरतात आणि वर्गणी डॉलरात ठरते. त्यांचा आराखडा उचलावा आणि मराठीत, फुकट किंवा चहापुरत्या पैशांत चालवावा, हे सांगायला कोणाची परवानगी लागत नाही.

आराखडा आकड्यांत मांडतो, कारण 'सराव करा' हा उपदेश सगळेच देतात. सोळा माणसे, दीड तास. चौघे तयार केलेले भाषण करतात, प्रत्येकी पाच ते सात मिनिटे. दुसरे चौघे त्या प्रत्येकावर तीन मिनिटे अभिप्राय देतात. उरलेले आठ जण चिठ्ठी उचलून आयत्या वेळच्या विषयावर एक ते दोन मिनिटे बोलतात. भाषणांची सरासरी सहा मिनिटे धरली तर चोवीस, बारा आणि सोळा मिळून बावन्न मिनिटे होतात. उरलेल्या अडतीस मिनिटांत सूत्रसंचालन, ये-जा, वेळनोंदकाचा अहवाल, पुढच्या आठवड्याच्या भूमिकांची वाटणी आणि चहा बसतो. प्रत्येक बैठकीत प्रत्येक जण उभा राहून बोलला, एकही सुटला नाही. पुढच्या आठवड्यात भूमिका फिरतात. वर्षाला अठ्ठेचाळीस बैठका झाल्या तर एका माणसाच्या वाट्याला बारा भाषणे, बारा अभिप्राय आणि चोवीस आयत्या वेळची बोलणी येतात. दुसरी कुठली व्यवस्था सामान्य माणसाला वर्षातून अठ्ठेचाळीस वेळा उभे करते? सदस्य वीसच्या वर गेले की हे गणित मोडते, मग दुसरे मंडळ काढावे. आठच्या खाली आले की त्याच लोकांवर तीन-तीन भूमिका पडतात आणि महिन्याभरात कंटाळा येतो.

वेळनोंदक मागच्या रांगेत घड्याळ आणि तीन रंगांची पुठ्ठ्याची कार्डे घेऊन बसतो: पाचव्या मिनिटाला हिरवे, सहाव्याला पिवळे, सातव्याला लाल. लाल दिसल्यावर अर्ध्या मिनिटात वाक्य संपवायचे, मग बोलणारा कोणीही असो. हा नियम क्षुल्लक वाटतो, पण मंडळाचा कणा तोच आहे. सभेत आपल्याला तीन मिनिटे मिळणार हे ज्याला माहीत असते तो प्रस्तावनेत दोन मिनिटे घालवत नाही. मराठीत सावकाश बोलणारा मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. सहा मिनिटे म्हणजे सहाशे ते साडेसातशे शब्द. ते सगळे लिहून पाठ केले की मध्ये एक शब्द निसटला तरी पुढचे सगळे कोसळते. म्हणून पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक पाठ असावे, बाकी मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर. फुलस्केप कागद हातात धरू नये. हाताची थोडीशी थरथर तो चारपट करून दाखवतो.

नव्या माणसासाठी पायऱ्या हव्यात. पहिल्या बैठकीत त्याने फक्त पाहावे. दुसऱ्या वेळी वेळनोंदकाचे काम घ्यावे, म्हणजे उभे राहून चार आकडे वाचायचे असतात आणि लोकांचे लक्ष आकड्यांकडे असते. तिसऱ्या वेळी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचावा. मग एक मिनिटाचा आयत्या वेळचा विषय, आणि दीड-दोन महिन्यांनी चार मिनिटांचे पहिले भाषण, तेही हाताने केलेल्या कामावर: ठिबकची नळी का तुंबते, पुरण पातळ झाले तर काय करायचे, रिक्षाचे परवाने कसे मिळतात. 'माझा आवडता नेता' हा विषय पहिल्या भाषणाला कधीही देऊ नये, कारण त्यात माणूस स्वतःचे काही बोलतच नाही. भीतीचा जोर बोलण्यापूर्वी आणि पहिल्या मिनिटात सर्वांत जास्त असतो, मग तो उतरतो. ज्याला हे ठाऊक नसते तो पहिल्याच मिनिटाच्या धडधडीवरून 'हे आपले काम नव्हे' असा निकाल लावून खाली बसतो. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवले की वक्त्याला आपली घाबरगुंडी लोकांना जितकी दिसते असे वाटते तितकी ती प्रत्यक्षात दिसत नसते, आणि एवढे आधी सांगितले तरी भाषण सुधारते. मंडळात हे दर आठवड्याला पुराव्यानिशी कळते. तुम्ही म्हणता पाय लटपटत होते. समोरचे पंधरा जण म्हणतात, आम्हाला काही दिसले नाही.

अभिप्राय हा सर्वांत नाजूक भाग आहे आणि बहुतेक मंडळे इथेच बिघडतात. 'छान झाले, आवाज थोडा वाढवा' याला अभिप्राय म्हणत नाहीत. त्यात भाषणातले एकही वाक्य नाही, म्हणजे ऐकणाऱ्याने ऐकलेच नाही. कामाचा अभिप्राय असा असतो: 'विहिरीचा खर्च सांगण्यापूर्वी तुम्ही थांबलात, तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या. शेवटचे वाक्य मात्र कार्ड खिशात घालत बोललात, ते तिसऱ्या रांगेत ऐकू आले नाही. पुढच्या वेळी वाक्य संपल्यावर मनात तीन मोजा, मग जागेवरून हला.' जमलेली एक गोष्ट, बदलायची एक गोष्ट, ती कशी बदलायची हे एका वाक्यात. बदलायच्या सात गोष्टी सांगितल्या की माणूस सातही विसरतो आणि अपमान तेवढा लक्षात ठेवतो. 'म्हणजे', 'ॲक्च्युअली', 'काय म्हणतात त्याला' हे भरताड शब्द मोजायला एक जण असावा, पण त्याने आकडा शेवटी सांगावा. शब्द आला की घंटा वाजवण्याची हौस काही ठिकाणी असते, ती नवख्याचा घसा बंद करते.

भाषेची गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्याकडे अनेकांना श्रोत्यांची भीती नसते, 'आनि-पानी'ला हसणाऱ्यांची असते. शाळेत एकदा कोणी हसले की वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी घरात बोलणारा माणूस सभेत प्रमाण भाषा शोधत राहतो आणि मुद्दा हातून निसटतो. बोली दुरुस्त करायची नाही, हा मंडळाचा लेखी नियम असावा. स्पष्टता तपासा, क्रम तपासा, आवाज तपासा. न-णचा हिशोब ठेवू नका. इंग्रजी मंडळांत मराठी माणूस दोन ओझी एकदम उचलतो, बोलण्याचे आणि परक्या भाषेचे, आणि मग अपयश कोणत्या ओझ्याचे हे त्याला कळत नाही. इंग्रजीही हवी, हे मान्य. पण आधी आपल्या भाषेत उभे राहता आले तर इंग्रजीत फक्त इंग्रजीच शिकावी लागते.

आता या मंडळांवरचे आक्षेप. पहिला, आणि मला सर्वांत वजनदार वाटणारा: आपल्याकडे बोलणारे कमी आहेत का? 'बोलाचीच कढी, बोलाचाच भात' म्हणणारा हा समाज भाषणबाजीला विटला आहे, त्यात आणखी वक्ते कशाला? विटण्याचे कारण खरे आहे, निष्कर्ष उलटा आहे. बडबडे लोक मंडळाची वाट पाहत नाहीत, ते आधीच माइकजवळ उभे आहेत. बाकीचे गप्प राहतात म्हणून त्यांचे फावते. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि तरीही 'सरपंचपती' हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. खुर्ची कायद्याने मिळाली. ग्रामसभेत ग्रामसेवकाला 'हा खर्च कशाचा?' असे विचारण्याची सवय कायदा देत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ च्या जुलैत मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण शाळा काढली. राखीव जागा आणि त्या जागेवर उभे राहून काम करण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पक्के माहीत होते.

दुसरा आक्षेप: पंधरा ओळखीच्या माणसांची खोली म्हणजे खरी सभा नव्हे, तिथली धिटाई बाहेर टिकत नाही. यालाही इतिहासाचा आधार आहे. लंडनमधल्या शाकाहारी मंडळात लिहिलेले भाषणही वाचता न येणारे गांधी १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाला पोहोचले आणि तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांच्या बैठकीत व्यवहारातल्या सचोटीवर बोलले. आयुष्यातले हे पहिले सार्वजनिक भाषण म्हणता येईल, असे त्यांनीच आत्मकथेत लिहिले आहे. पुढे तिथे नियमित बैठका होऊ लागल्या, ओळखीच्या माणसांच्या, ठरावीक काळाने. थोडक्यात, सराव मंडळच. पण तीन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभागृहात फिरोजशहा मेहतांच्या अध्यक्षतेखाली बोलायची वेळ आली तेव्हा त्यांचा आवाज खचला. भाषण केशवराव देशपांडे वाचू लागले, लोकांनी 'वाच्छा, वाच्छा' असा पुकारा केला आणि अखेर दिनशा वाच्छांनी ते वाचले. म्हणजे प्रिटोरिया वाया गेले का? मोठ्या सभागृहातला आवाज वेगळा कमवावा लागतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. माणसे जोडणारे, नेमके बोलणे त्या छोट्या बैठकांतच घडले आणि पुढे तेच कामी आले. म्हणून मंडळाने दर तिमाहीला एक बैठक मुद्दाम अनोळखी जागी घ्यावी: दुसऱ्या मंडळात, शाळेच्या पटांगणात, माइकशिवाय, मागून ट्रॅक्टर जात असताना. निम्मा सराव माइकशिवाय आणि निम्मा माइकवर असावा, कारण गावातला माइक ऐन वेळी बंद पडतो किंवा दुसऱ्याच्या हातात असतो.

तिसरा आक्षेप, सगळे एका साच्यात बोलू लागतात: तेच हातवारे, तीच सुरुवातीची गोष्ट, तोच नाट्यमय विराम. हा दोष खरा आहे आणि काही मंडळांत तो पाहवत नाही. इलाज एकच, विषय खऱ्या कामाचे ठेवायचे. ज्याला पुढच्या सोमवारी बँकेत पीककर्जाबद्दल बोलायचे आहे त्याने तेच इथे बोलावे, दोघांनी बँकेचे अधिकारी होऊन आडवे प्रश्न विचारावेत. तिथे विराम नाट्यमय करायला सवड नसते. चौथा आक्षेप त्या ट्रिअरच्या प्रयोगातून येतो: पाच वेळा बोलूनही ज्यांचे शरीर निवळत नाही त्यांचे काय? ज्याची रात्रीची झोप उडते, जो बोलायला लागू नये म्हणून नोकरीतली बढती नाकारतो, त्याला मंडळाने 'हिंमत धर' म्हणू नये. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगावे, अडखळणाऱ्याला वाचा-उपचारतज्ज्ञाकडे. उपचाराबरोबर मंडळात येता येते, उपचाराऐवजी नाही.

ही मंडळे मरतात कशी, हेही सांगितले पाहिजे. बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी, उद्घाटनात. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, स्थानिक नेत्याचे पाऊण तासाचे मार्गदर्शन, आणि जे वीस जण बोलायला आले होते ते टाळ्या वाजवून घरी जातात. तेव्हा उद्घाटन करू नये, थेट पहिली बैठक घ्यावी. दुसरे कारण, अध्यक्ष कायमचा होतो. सहा महिन्यांनी पद बदललेच पाहिजे. तिसरे, पेरणी, गणपती, दिवाळी, लग्नसराई आणि दहावी-बारावीच्या परीक्षा यांत बैठका तुटतात आणि पुन्हा जुळत नाहीत. म्हणून सुट्टीच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवाव्यात. चौथे, पक्ष आणि जात यांवरून भांडण. बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ मध्ये फिलाडेल्फियात काढलेल्या मंडळात कालांतराने समोरच्याचे म्हणणे तडकाफडकी खोडून काढायला बंदी केली होती आणि मोडणाऱ्याला छोटा दंड असे. आपल्याकडे दंडाऐवजी चहाचा खर्च चालेल.

आता पैशाचा आणि जागेचा प्रश्न. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली काही हजार ग्रंथालये आहेत, 'अ' ते 'ड' दर्जाची, दर्जानुसार अनुदान घेणारी. संध्याकाळी त्यातल्या अनेकांची वाचनकक्षाची खोली रिकामी असते. खोली, वीस खुर्च्या, भिंतीवरचे घड्याळ, तीन कार्डे आणि एक नोंदवही, एवढेच भांडवल लागते. वर्षाला चाळीस सराव बैठका घेणाऱ्या ग्रंथालयाला दर्जा ठरवताना त्याचे श्रेय मिळावे, ही मागणी स्पर्धा बंद करण्याच्या मागणीपेक्षा कितीतरी स्वस्त आणि उपयोगी आहे. बचतगटांना तर खोलीही नको. दहा ते वीस बायका ठरलेल्या दिवशी भेटतातच. हप्ते जमा झाल्यावर दोघींनी तीन-तीन मिनिटे बोलायचे आणि दोघींनी अभिप्राय द्यायचा, असे केले तर पंधरा मिनिटे वाढतात. महिलांच्या ग्रामसभेच्या आदल्या आठवड्यात तिथे मांडायचा विषयच सरावाला घ्यावा.

सरकारने हात घातला की याचेही कागदी घोडे होतील, ही भीती रास्त आहे. म्हणून सरकारने जागा आणि वीजबिल यापलीकडे काही देऊ नये. अभ्यासक्रम नको, प्रशिक्षक नको, प्रमाणपत्र नको. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने नोंदवही उघडून एकच गोष्ट पाहावी: गेल्या तीन महिन्यांत किती वेगवेगळी माणसे उभी राहून बोलली, आणि त्यात स्त्रिया किती. कुणी किती चांगले बोलले याला गुण द्यायचे नाहीत, मंडळामंडळांत जिल्हास्तरीय फेरी तर अजिबात भरवायची नाही.